ज्यांच्यात कुणाचं आपल्याशी काही देणंघेणं नसतं, त्या कॉस्मिक हॉररच्या गोष्टी तरी वाचाव्याशा का वाटतात?

भुताच्या गोष्टीत भूत नेहमी कुणाच्या तरी मागे लागलेलं असतं. त्याला बदला हवा असतो, अर्धवट राहिलेली इच्छा पुरी करून हवी असते, नाहीतर निदान आपण त्याच्या जागेत पाय टाकला म्हणून ते चिडलेलं असतं. भीती वाटते खरी, पण त्या भीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते जी सहसा आपल्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आपण इतके महत्त्वाचे आहोत की मेलेलं माणूससुद्धा आपल्यासाठी परत येतं. मग उपायही असतो. माफी मागा, हाडं शोधून मार्गी लावा, त्याचं जे राहिलंय ते देऊन टाका. भूत आणि आपण एकाच हिशोबातले असतो.

कॉस्मिक हॉरर म्हणतात त्या प्रकारात हा हिशोबच नसतो. तिथे जे काही असतं ते इतकं मोठं, इतकं जुनं आणि आपल्यापेक्षा इतकं वेगळं असतं की आपण आहोत हे त्याच्या गावीही नसतं. ते आपल्यावर रागावलेलं नाही, आपल्याला संपवायचं त्याने ठरवलेलं नाही. ते फक्त कूस बदलतं आणि त्यात आपली अख्खी मानवजात चिरडली जाते, बस.

बरेच जण ह्या प्रकाराबद्दल 'ते ऑक्टोपससारख्या तोंडाचे राक्षस असतात ना, ते' एवढंच म्हणून सोडून देतात आणि मला ते फार खटकतं, कारण राक्षस हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. मूळ गोष्ट समजायला मला एक उदाहरण फार उपयोगी पडतं, ते सांगतो.

जुन्या पुस्तकांत कसर असते बघा, ती चंदेरी, सुळकन पळणारी. तिचा जन्म, खाणंपिणं, सगळं आयुष्य त्या एका पुस्तकात जातं. तिला कागद माहीत आहे, बाइंडिंगची खळ माहीत आहे, दोन पानांमधला अंधार माहीत आहे. ती रोज अक्षरांवरून चालते, कधी कधी अक्षरंच खाते. पण हे सगळं कुणीतरी लिहिलेलं आहे, ह्या काळ्या खुणांना काही अर्थ आहे, हे तिला कधीच कळणार नाही, आणि कुणी तिच्यापासून लपवून ठेवलंय असंही नाही, सगळं तिच्यासमोर उघडं पडलेलं आहे, तिच्याकडे ते कळायचं साधनच नाहीये. मग एक दिवस कुणीतरी पुस्तक उन्हात नेऊन झटकतं. कसरीच्या बाजूने बघितलं तर ती जगबुडी आहे. झटकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर कपाट आवरणं चाललंय.

आता समजा त्या कसरीला एका क्षणासाठी, फक्त एका क्षणासाठी, 'ही अक्षरं आहेत' एवढं कळलं. काय लिहिलंय ते नाही कळलं, पण लिहिलेलं आहे हे कळलं. तिचं पुढचं आयुष्य कसं जाईल? ती पुन्हा खळ खायला जाऊ शकेल का? कॉस्मिक हॉरर ही त्या कसरीची गोष्ट आहे आणि ती कसर आपण आहोत. 'माहीत नाही' आणि 'कळूच शकत नाही' ह्या दोन गोष्टींमध्ये जी दरी आहे, तिच्या काठावर उभं करणारा हा प्रकार.

हे सगळं ठामपणे पहिल्यांदा मांडलं ते हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट ह्या अमेरिकन लेखकाने. त्याच्या आधी कुणी काही लिहिलं नव्हतं असं नाही, इंग्लंडच्या अल्जर्नन ब्लॅकवुडने १९०७ मध्येच डॅन्यूब नदीतल्या एका बेटावर अडकलेल्या दोन माणसांची अशी कथा लिहिली होती की आजही वाचताना वाऱ्याचा आवाज नकोसा होतो. पण ह्यामागे एक पक्का विचार आहे आणि मी तो विचार धरूनच लिहितो, असं सांगणारा लव्हक्राफ्ट. जन्म १८९०, मृत्यू १९३७, म्हणजे पुरती सत्तेचाळीस वर्षंही नाही. लहानपणीच वडील मानसिक रुग्णालयात गेले आणि तिथेच वारले, पुढे आईही त्याच रुग्णालयात गेली आणि परत आली नाही. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांत त्याच्या कथा यायच्या, नाव असं फार नव्हतंच, पैसा तर नव्हताच. १९२७ मध्ये त्याने एका संपादकाला पत्र लिहिलं, त्याचा आशय असा की माझ्या सगळ्या कथा एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, माणसाचे नियम, माणसाच्या भावना, माणसाची सुखदुःखं ह्यांना ह्या अफाट विश्वात काहीही मोल नाही.

आता हे १९२७ साल लक्षात ठेवा, कारण माझ्या मते इथेच खरी गंमत आहे. लव्हक्राफ्टला लहानपणापासून खगोलशास्त्राचं वेड होतं, सोळाव्या वर्षी तो छोट्या वर्तमानपत्रांत आकाशातल्या घडामोडींवर सदरं लिहायचा. आणि त्याच्या तरुणपणात नेमकं आकाशच फाटलं. १९२० पर्यंत मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ ह्यावर वाद घालत होते की आपली आकाशगंगा हेच सगळं विश्व आहे की बाहेर आणखी काही आहे. मग १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल ह्या खगोलशास्त्रज्ञाला देवयानी (अँड्रोमेडा) ह्या धुरकट पुंजक्यातल्या एका ताऱ्याची चमक ठराविक दिवसांनी कमीजास्त होताना दिसली, अशा ताऱ्यांवरून अंतर काढता येतं, त्याने काढलं, आणि ते अंतर आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर गेलं. १ जानेवारी १९२५ ला हे शास्त्रज्ञांच्या सभेत वाचून दाखवलं गेलं. म्हणजे ज्याला लोक धुक्याचा पुंजका समजत होते ती आख्खी दुसरी आकाशगंगा निघाली, आणि तसे पुंजके तर सगळीकडेच होते. आपलं घर केवढं आहे ह्याचा अंदाज एका रात्रीत इतका चुकलेला निघणं, हे माणसाच्या इतिहासात फार कमी वेळा झालंय. १९३० च्या मार्चमध्ये प्लूटो सापडल्याची बातमी आली तेव्हा लव्हक्राफ्टचं एका कथेचं लिखाण चालूच होतं, तर त्याने तो नवा ग्रह लगेच कथेत घेतला, तिथून आलेले जीव अमेरिकेतल्या डोंगरांत वावरतायत असं दाखवलं. त्याला भुतंखेतं रचायची गरजच नव्हती, बातम्याच तशा येत होत्या.

ह्या अंतरांचं काय होतं माहितीये का, आपण आकडे पाठ करतो आणि तिथेच थांबतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटांच्या वर लागतात, सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापासून चार वर्षांपेक्षा जास्त. आणि देवयानीपासून पंचवीस लाख वर्षं. आज रात्री डोळ्याला लागणारा तो प्रकाश निघाला तेव्हा आपली जातच अस्तित्वात नव्हती, होमो सेपियन्स येऊन जेमतेम तीन लाख वर्षं झालीत. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर १ सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने जातंय, तरी त्या जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला त्याला सत्तर हजार वर्षांहून जास्त लागतील. हे मी शाळेत असल्यापासून वाचत आलोय, परीक्षेत लिहून मार्कही घेतलेत, पण ते कधी अंगावर आलं नव्हतं. माहीत असणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. पुस्तकातला आकडा आणि पोटात पडणारा खड्डा ह्यांच्यामधलं अंतर गोष्ट कापून देते, आणि माझ्यासाठी ह्या प्रकाराचं पहिलं आकर्षण तेच आहे.

गोष्ट हे करते कसं, ते लव्हक्राफ्टच्याच एका कथेवरून बघू. १९२७ सालचीच, नावाचा अर्थ साधारण 'अवकाशातून आलेला रंग' असा होतो. एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. विद्यापीठातले प्रोफेसर येतात, तुकडा नेतात, तपासतात. तो तुकडा थंड होत नाही, ठेवल्या जागी आकसत जातो, आणि त्याच्या आत एक रंग सापडतो जो आपल्याला माहीत असलेल्या रंगांपैकी कुठलाच नाही, रंग म्हणायचं ते पण दुसरा शब्द नाही म्हणून. पुढे त्या शेतात फळं प्रचंड येतात, रसरशीत दिसतात आणि तोंडात घालवत नाहीत इतकी कडू. मग झाडं वारा नसताना हलायला लागतात. मग जनावरं. मग घरातली माणसं एकेक करून, हळूहळू, महिन्यामहिन्याने. आणि ह्या सगळ्यात तो रंग काय करतोय, त्याला काय हवंय, तो जिवंत तरी आहे का, ह्याचं उत्तर कथेत कुठेच मिळत नाही. शेतकरी बिचारा विचारत राहतो की मी असं काय केलं, मी तर सरळ मार्गाने वागत आलो. कथा त्याला उत्तर देत नाही. त्याने काहीच केलेलं नसतं. उल्का कुठेतरी पडणार होती, ती तिथे पडली.

राक्षस नाही, दात नाहीत. तरी लव्हक्राफ्टच्या कथांमध्ये मला हीच सगळ्यात वरची वाटते आणि तो स्वतःही हिला आपल्या चांगल्या कथांमध्ये धरायचा.

सगळ्यात प्रसिद्ध कथा मात्र दुसरी, १९२८ च्या फेब्रुवारीत छापून आलेली, कथुलूची. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या शहरात झोपलेलं एक काहीतरी. तिच्यात मला त्या प्राण्यापेक्षा सांगण्याची पद्धत जास्त आवडते. एक माणूस आपल्या वारलेल्या चुलत आजोबांचे कागद चाळतोय. एक मातीचं उठावशिल्प, एका शिल्पकाराची स्वप्नं, एका पोलीस इन्स्पेक्टरची जुनी केस, एका खलाशाची वही. प्रत्येक कागद वेगळा वाचला तर काही नाही, विचित्र आहे एवढंच. शेजारी शेजारी ठेवले की मधल्या रिकाम्या जागेत एक आकार दिसायला लागतो. कथेची सुरुवातच ह्या विचाराने होते की आपल्या डोक्यातल्या सगळ्या गोष्टी आपल्याला एकमेकींना जोडता येत नाहीत ही आपल्यावर मोठी कृपा आहे. आणि शेवट काय होतो, तर ते शहर जसं वर आलं तसं पुन्हा खाली जातं, आपलं आपणच. कुणा शूर माणसाने जग वाचवलेलं नसतं. खलाशी जहाज थेट त्याच्या अंगावर घालतो, ते फुटतं आणि मागच्या मागे पुन्हा जुळायला लागतं. जग वाचलं कारण वेळ आलेली नव्हती, आणि ती कधी येणार हे आपल्याला माहीत नाही.

म्हणूनच पडद्यावर हा प्रकार आणणं इतकं अवघड जातं. वाचताना लेखक म्हणतो की त्या शहरातले कोन चुकीचे होते, फुगीर वाटणारी जागा पुन्हा बघितली की खोलगट दिसायची, आणि आपलं डोकं ते उभं करायला जातं आणि जमत नाही, आणि ते न जमणं हीच भीती असते. पडद्यावर काहीतरी दाखवावंच लागतं. दाखवलं की त्याला उंची आली, रुंदी आली, कातडी आली, आणि मोजता येणाऱ्या गोष्टीची भीती माणूस लवकर पचवतो.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या नोआ ह्या समुद्र आणि हवामानाच्या संस्थेला दक्षिण पॅसिफिकमध्ये पाण्याखालच्या मायक्रोफोनवर एक आवाज मिळाला, खूप खोल, आणि इतका मोठा की हजारो किलोमीटर अंतरावरच्या यंत्रांनीही तो टिपला. त्याला 'ब्लूप' नाव पडलं. माहितीतला कुठलाच प्राणी एवढा मोठा आवाज काढू शकत नाही, हे कळल्यावर जगभरातल्या वाचकांना लगेच आठवलं की लव्हक्राफ्टने आपल्या बुडालेल्या शहराची जागा अक्षांश रेखांशासकट दक्षिण पॅसिफिकमध्येच दिली होती. त्याहून विशेष म्हणजे कुठल्याही जमिनीपासून सगळ्यात लांब असलेला समुद्रातला बिंदू, पॉइंट नेमो, हा १९९२ मध्ये गणिताने काढला गेला, तो त्याच्या जागेपासून काहीशे किलोमीटरवरच निघाला. लव्हक्राफ्ट तेव्हा जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती. पुढे नोआने सांगितलं की तो आवाज मोठ्या हिमनगाला तडे जातानाच्या आवाजाशी जुळतो. उत्तर मिळालं, आणि मला आठवतंय, ते वाचून मला थोडं वाईट वाटलं होतं. म्हणजे माझ्या आत काहीतरी होतं ज्याला तो आवाज न कळणाराच हवा होता. का हवा होता?

इथे मानसशास्त्रातलं एक काम फार उपयोगी आहे. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट ह्यांनी २००३ मध्ये दिपून जाणं, थक्क होणं ह्या भावनेवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की त्या भावनेचे दोन भाग असतात. एक, समोरची गोष्ट आपल्यापेक्षा खूप मोठी वाटणं, मग ती आकाराने असो वा शक्तीने वा विचाराने. दोन, ती आपल्या डोक्यातल्या चौकटीत न बसणं, म्हणजे तिला आत घ्यायचं तर चौकटच मोडून नवी करावी लागणं. ती नवी चौकट जमली तर आपल्याला उजेड पडल्यासारखं वाटतं. नाही जमली तर दहशत बसते. मला हे वाचून एकदम लख्ख झालं होतं, कारण ह्याचा अर्थ थक्क होणं आणि हादरणं ह्या दोन वेगळ्या भावना नाहीतच, दार एकच आहे, ते उघडलं की नाही एवढाच फरक. कॉस्मिक हॉरर त्या दारावर धडका मारायला लावतं आणि दार उघडू देत नाही.

आणि छोटं वाटणं माणसाला नेहमी वाईटच वाटतं असंही नाही. २०१५ मध्ये पॉल पिफ आणि त्याच्या सहकाऱ्यांचे काही प्रयोग छापून आले, त्यातला एक मला फार आवडतो. बर्कलीच्या विद्यापीठात निलगिरीची खूप उंच झाडं आहेत, काही जणांना तिथे उभं करून एक मिनिट वर झाडांकडे बघायला सांगितलं, काही जणांना तिथूनच एका उंच बिल्डिंगकडे. मग एक जण येतो आणि त्याच्या हातातून पेनं सांडतात. झाडांकडे बघितलेल्यांनी जास्त पेनं उचलून दिली. एक मिनिट झाडाखाली उभं राहून माणूस जरा बाजूला सरकतो, स्वतःच्या मधून. पण हे झालं सौम्य थक्क होणं, त्यात धोका नाही. धोका असलेली गोष्ट आवडायला अजून एक अट लागते, ती एडमंड बर्क ह्या विचारवंताने १७५७ मध्येच सांगून ठेवलीये, की भयंकर गोष्ट खूप जवळ आली तर नुसतंच भय उरतं, पण थोडं अंतर राहिलं तर तिच्यातून एक वेगळाच आनंद मिळतो. पुस्तक ते अंतर देतं. मिटता येतं.

एवढ्याने माझं तरी समाधान होत नाही पण. सुरक्षित भीती तर जत्रेतल्या उंच पाळण्यातही मिळते. मग हीच भीती का, जिच्यात आपण काहीच नाही असं सांगितलं जातं?

काही वर्षांपूर्वी माझी आई आठ महिने आजारी होती. त्या आठ महिन्यांत भेटायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने कारण शोधलं. तिने फार सोसलं म्हणून झालं, तिने मन मोकळं केलं नाही म्हणून झालं, आम्ही लवकर लक्ष दिलं नाही म्हणून झालं, कुणाचं तरी काहीतरी दुखावलं गेलं असेल म्हणून झालं. सगळे प्रेमानेच बोलत होते. पण प्रत्येक कारणाबरोबर एक दोष यायचा, आणि तो खोलीत कुणाच्या तरी अंगावर ठेवूनच माणूस उठायचा, आणि बऱ्याचदा तो आईच्याच अंगावर असायचा. रात्री मी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर काहीतरी वाचायचो आणि एका रात्री ती रंगाची कथा वाचली. मी असं काय केलं, असं विचारणारा तो शेतकरी. आणि कथेतली ती शांतता. मला रडू आलं, आणि ते भीतीने नव्हतं. तिने काहीच केलेलं नाही, आम्हीही काही केलेलं नाही, कुठेतरी एका पेशीची नक्कल चुकली आणि ती चुकताना तिला आई कोण आहे हे माहीत नव्हतं. कुणीही आमच्यावर डोळा ठेवून हे केलेलं नाही. आठ महिन्यांत इतकं हलकं मला कशानेच वाटलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं की ह्या कथांमध्ये जे भयानक आहे तेच सोडवणारंही आहे. कुणी बघत नाहीये, म्हणजे वाचवायलाही कुणी नाही, हे खरं. पण मग शिक्षा द्यायलाही कुणी नाही.

ह्याचा फरक भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायाशी ताडून बघितला की जास्त स्पष्ट होतो. अर्जुन विश्वरूप बघतो आणि त्याची जी अवस्था होते ती अगदी ह्या कथांमधल्या माणसांसारखी आहे, दिशा कळेनाशा होतात, कशातच चैन पडत नाही, तोंडांमध्ये योद्धे शिरताना दिसतात, आणि समोरून उत्तर येतं की मी काळ आहे. पण तीन गोष्टी बघा. बघण्याआधी त्याला तसे डोळे दिले जातात. जे दिसतंय तो त्याचा मित्र आहे, इतका की आजवर तुला नुसतं 'सखा' म्हणून हाक मारली म्हणून तो माफी मागतो. आणि तो म्हणतो की पूर्वीचं रूप पुन्हा दाखव, तर ते रूप दाखवलं जातं, वर धीर दिला जातो. कॉस्मिक हॉररमध्ये ह्यातलं काही नाही. डोळे देणारं कुणी नाही, ओळख नाही, आणि 'बास, पुरे' म्हणायला समोर ऐकणारं कुणी नाही. तेच अफाटपण, फक्त त्यातलं नातं काढून घेतलेलं. दोन्ही वाचून मला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि मला त्या दोन्ही हव्या असतात.

बरं, आता एक गोंधळ बऱ्याच वाचकांचा होतो, माझाही खूप दिवस होता. आपण विश्वात इतके छोटे आहोत, म्हणजे आपल्या जगण्याला काही अर्थ नाही, असं एका पाठोपाठ एक म्हणून टाकलं जातं. थॉमस नेगल ह्या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये ह्या दोन वाक्यांमधला सांधा तपासला आणि तो तिथे नाहीच हे दाखवलं. त्याचा मुद्दा सोपा आहे. दहा लाख वर्षांनी आपण आज जे करतोय त्याने काही फरक पडणार नाही म्हणता? ठीक आहे, मग त्याच न्यायाने दहा लाख वर्षांनी फरक पडणार नाही ह्या गोष्टीने आज काही फरक पडत नाही. आणि छोटं असणं हा प्रॉब्लेम असेल तर मोठं असून तो सुटला असता का? समजा आपण आकाशगंगेएवढे असतो आणि अनंत काळ जगलो असतो, तर त्या जगण्याचा अर्थ काय हा प्रश्न तसाच राहिला असता, उलट अनंत काळ राहिला असता. मोजपट्टीवर अर्थ मोजता येत नाही. लव्हक्राफ्ट ह्याच्या पुढे गेला नाही असं माझं मत आहे, तो विश्वाला आपलं मोल नाही ह्या धक्क्यापाशी थांबला, आपलं मोल आपल्याजवळ आहे का हे त्याने फारसं विचारलं नाही.

आणि त्याच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट गिळून टाकणं बरोबर नाही. तो कट्टर वंशद्वेष्टा होता. पत्रांतून, कथांतून ते स्वच्छ दिसतं, न्यूयॉर्कमध्ये राहत असताना देशोदेशींहून आलेल्या माणसांबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचून किळस येते. हे त्याच्या काळाचं होतं म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या काळातही ते जास्तच होतं, आणि ते त्याच्या भीतीच्या मुळातच होतं. अनोळखी गोष्टीची दहशत हा त्याचा विषय, आणि तीच दहशत त्याला शेजारच्या अनोळखी माणसाची पण वाटत होती. मला हे फार दुःखाचं वाटतं, कारण त्याचा स्वतःचाच विचार त्याने नीट ऐकला असता तर विश्वाच्या पसाऱ्यात ह्या वंशाचा आणि त्या वंशाचा हा फरक पहिल्यांदा पुसला जायला हवा होता. २०१५ मध्ये वर्ल्ड फँटसी अवॉर्डने आपल्या ट्रॉफीवरचा त्याचा चेहरा काढायचं ठरवलं, ते योग्यच झालं. आणि आज ह्या प्रकारात ज्यांना त्याने माणूसच मानलं नसतं असे लेखक लिहितायत, त्याचीच हत्यारं घेऊन, आणि त्यांना माहीत आहे की ज्याला आपण दिसतच नाही अशा ताकदीखाली जगणं म्हणजे काय असतं. त्यांच्या कथांमधली उदासीनता जास्त खरी वाटते मला.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी ती रंगाचीच कथा सांगेन. फार मोठी नाही, एका बैठकीत होते. आधी चित्रं शोधू नका, कुणीतरी तो रंग काढायचा प्रयत्न केलेला असतो आणि तो जांभळाच असतो शेवटी. भाषा जुनी आणि जड आहे, पहिली काही पानं अडखळायला होईल, पण वेग पकडायचा प्रयत्न करू नका, ती हळूच वाचायची आहे. ती सांगणारा माणूस सर्व्हेचं काम करायला आलेला असतो, कारण त्या भागात धरण होणार असतं आणि ती जळलेली, राखाडी पडलेली जमीन कायमची पाण्याखाली जाणार असते. जाईल तर बरंच होईल असं त्याला वाटतं. फक्त त्या धरणाचं पाणी शहराला मिळायला लागलं की आपण ते पिणार नाही, हे त्याने ठरवून टाकलेलं असतं.